पाठीवर खानापुरी कौलं

फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न: राहत्या गावाची उंची किती?
मला ठाऊक नव्हती.
कामावरून येताना फलाट तिकीट काढलं
आणि स्टेशनातल्या पिवळ्या पाटीखाली जाऊन उभी राहिले.
वर गावाचं नाव,
ज्याच्या एकेका अक्षरापायी आमच्याकडं बसच्या काचा फुटल्यात.
खाली, बारीक, समुद्रापासूनची उंची.
साडेसातशे मीटर, थोडं इकडंतिकडं.
तिच्यावरून कधी कुणी भांडलेलं नाही.

खिंड आहे चार हजार आठशेवर.

मी उद्यमबागेत कास्टिंग तपासते, बावीस वर्षं.
लोखंडाचा रस कसा ओततात ते मला विचारा,
भेग कुठं लपते ते विचारा.
पण उणे बारा म्हणजे काय, हे हाताला माहीत नाही.
झोपायची पिशवी भाड्यानं घ्यायची की विकत
यावर दोन रात्री गेल्या.

सोबत इराव्वा. वडगावात तिचे दोन माग आहेत.
ती म्हणते, धागा तुटला तर गाठ मारता येते,
दम तुटला तर काय मारायचं?
गाइड सोबनसिंग, फोनवरच भेटलेला,
मध्येच आवाज जातो, मध्येच कुत्रं भुंकतं.
म्हणाला, चढताना बोलत राहा दीदी.
बोलता येईना झालं की समजा, घाई होतीय.
इराव्वा फोनकडं वाकून ओरडली, ‘सावकाश होगोदु, हौदल्ल?’
त्याला काय कळलं कोण जाणे,
‘हाँ हाँ, सावकाश,’ म्हणाला.
कानडीत तोच शब्द, मराठीत तोच.
आता तो तिकडंही पोचला.

दर रविवारी राजहंसगड.
पाठपिशवीत वजन म्हणून खानापुरी कौलं,
जुन्या गोठ्यावरची, शेवाळलेली.
पहिल्या आठवड्यात एक. आता पाच.
येळ्ळूरच्या पोरांनी विचारलं,
‘मावशी, वर घर बांधूलालीस काय गा?’

अटी सतरा. अकरावी अशी:
परत फिरण्याचा निर्णय गाइडचा, वाद चालणार नाही.
सही करताना हसू आलं.
वाद चालणार नाही, असा कागद
या जिल्ह्यात कुणी पाळलाय?
तरी केली. डोकं दुखू लागलं की सांगायचं,
लपवायचं नाही, हेही कबूल केलं.
हे दुसरं जास्त अवघड.

‘संकटात कुणाला कळवावं’ या रकान्यात
ह्यांचं नाव लिहिलं. भरमाणी यल्लाप्पा कंग्राळकर.
तोंडानं कधी घेतलं नाही ते.

हे पलटणीतून येऊन चौदा वर्षं झाली.
बर्फात दोन हिवाळे काढले, एवढंच मला माहीत.
‘तुम्हीपण चला की,’ म्हटलं एकदा.
‘बघितलंय,’ म्हणाले, आणि पेपर उलटला.
पण यादी मागून घेतली.
चष्मा लावून, लाल पेननं,
एक स्वेटर खोडला, सुती बनियन सगळे खोडले,
मोज्यांच्या तीन जोड्यांपुढं लिहिलं:
एक जोड फक्त तंबूत. काही झालं तरी.

खडेबाजारात बूट घ्यायला आले.
दुकानदार म्हणाला, नीट बसलेत.
हे खाली उकिडवे बसले, पुढचं टोक अंगठ्यानं दाबलं.
‘बोटं हलव.’
हलवली.
‘सगळी?’
एक नंबर मोठा घेतला.

घरी आल्यावर चहा होईस्तोवर गप्प.
मग, कपबशीकडं बघत:
‘रोज रात्री मोजे काढायचे. बॅटरी लावून बोटं मोजायची.
दाबून बघायची, कळतंय का.
दहा झाली की झोपायचं.’

मी मान हलवली.
त्यांच्या डाव्या पायाकडं बघितलं नाही,
जसं लग्नाला तीस वर्षं झाली तरी
बर्फानंतरच्या चौदांत कधी बघितलं नाही.

रात्री अंथरुणात मोजली. दहा.
शेजारून विचारलं, अंधारातून, ‘किती?’

उद्या सहावं कौल.